चुकीचं उत्तर कोणाला दाखवायचं?

शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक सत्र हमखास 'नात्या'चं असतं, आणि ते बहुतेक वेळा दुपारी, डोळे जड व्हायला लागतात तेव्हा ठेवलेलं असतं. पडद्यावर हसऱ्या मुलांचे फोटो येतात. मुलांवर प्रेम करा, मुलं आपोआप शिकतील, असं सांगितलं जातं. टाळ्या होतात. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्यावर त्यातलं नेमकं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नसतं. मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. अपूर्णांकांच्या तासाला प्रेम करायचं म्हणजे काय करायचं, असं मी एका वक्त्यांना विचारलंही होतं. 'तेच तर तुम्हाला शोधायचंय, मॅडम,' असं म्हणून ते पुढच्या स्लाइडवर गेले.

शोधायचंच होतं, तर शोधलं. आज माझं मत असं आहे की वर्गातल्या नात्याला एक ठरावीक, रोखठोक काम असतं. डोक्यात जे अर्धवट, वाकडंतिकडं, चुकीचं चाललंय ते मुलाने कोणाला तरी दाखवावं, हे ते काम. मुलाने ते दाखवलंच नाही, तर कितीही हुशार शिक्षक असला तरी तो अंदाजपंचे शिकवतो. भेटकार्डं आणि वर्षअखेरचे रडवे निरोप मलाही आवडतात, पण त्यांच्यावरून वर्गात शिकणं झालं की नाही हे कळत नाही.

अपूर्णांकांचंच बघा. १/२ + १/३ = २/५ हे उत्तर मी इतक्या वह्यांत पाहिलंय की ते दुरूनही ओळखू येतं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, झालं. यावर लाल फुली मारून शेजारी 'छेद समान कर' लिहिणं अगदी सोपं. मुलं छेद समान करायला शिकतातही. मग मध्ये भूमितीचं प्रकरण होतं, समीकरणं होतात, आणि पुढच्या चाचणीत २/५ पुन्हा हजर.

एका मुलीला मी तिच्या बाकापाशी बसून विचारलं, हे कसं केलंस ते सांग. ती म्हणाली, 'बाई, समजा पहिल्या प्रश्नाला दोनपैकी एक मार्क मिळाला आणि दुसऱ्याला तीनपैकी एक मिळाला, तर एकूण पाचपैकी दोनच झाले ना?'

आता यावर काय बोलणार? तिचं म्हणणं बरोबर होतं. गुणांची बेरीज तशीच होते, आम्ही शिक्षक उत्तरपत्रिकेवर रोज तशीच करतो. फक्त गुणांच्या हिशोबात दोन प्रश्नांची दोन वेगळी 'एकूण' असतात आणि ती एकमेकांत मिसळतात. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र अर्धा आणि तिसरा हिस्सा एकाच अखंडाचे, म्हणजे एकाच पूर्ण वस्तूचे, असावे लागतात. तिच्या डोक्यात हा अखंडच बदलत होता. ही गोष्ट 'छेद समान कर' या तीन शब्दांनी तिला कधीच कळली नसती. मी तिला एवढंच विचारलं, की अर्ध्यात आपण थोडी भर घातली आणि आलं २/५. हे २/५ अर्ध्याहून मोठं की लहान? तिने पट्टी काढली, पाच भाग केले, दोन रंगवले. 'लहान,' ती म्हणाली. आणि मग स्वतःच, जरा रागाने: 'पण मिळवल्यावर कमी कसं होईल?' तिथून पुढचं काम तिचं तिने केलं. माझ्या वाट्याला फारसं उरलं नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते तिचं ते वाक्य. दोनपैकी एक, तीनपैकी एक. ते वाक्य तिने उच्चारलं म्हणून पुढचं सगळं घडलं. हाच प्रश्न मी तिला फळ्याजवळ उभं करून, सगळ्या वर्गासमोर, किंचित चढ्या आवाजात विचारला असता, तर उत्तर काय आलं असतं ते कोणताही शिक्षक झोपेतही सांगेल: 'चुकलं बाई, परत करते.' आणि खोडरबर. मुलाला आपली चूक पटली असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्याने पुरावा नष्ट केलेला असतो. माझ्या वर्गात गणिताच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे. पालकांची दर वर्षी तक्रार येते की वही घाण दिसते. येऊ दे.

मुलाच्या बाजूने पाहिलं तर चुकीचं उत्तर दाखवणं हा मोठा धोका आहे. समोरचा माणूस हसेल, ओरडेल, दुसऱ्याला सांगेल, 'इतकंही येत नाही?' म्हणेल. हा धोका कोणासमोर पत्करायचा याचा हिशोब प्रत्येक मूल अगदी बारकाईने करत असतं, पहिल्या आठवड्यापासून. 'शंका असेल तर विचारा' असं आपण शंभर वेळा म्हणतो. मुलं आपलं म्हणणं ऐकत नाहीत, पहिली शंका विचारणाऱ्याचं काय झालं ते बघतात.

ज्यांना आकडे लागतात त्यांच्यासाठी आकडेही आहेत. जेफ्री कॉर्नेलियस-व्हाइट यांनी २००७ मध्ये जुन्या-नव्या ११९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात साडेतीन लाखांहून जास्त विद्यार्थी येतात. शिक्षक-विद्यार्थी नातं चांगलं असतं तिथे मुलं वर्गात जास्त भाग घेतात, शाळा कमी सोडतात, गुणही बरे असतात, असं त्यातून दिसलं. पुढे २०११ मध्ये डेबोरा रोर्डा आणि सहकाऱ्यांनी ९९ अभ्यास तपासले. त्यात एक गोष्ट मला फार कामाची वाटली: अशा चांगल्या नात्याचा संबंध वरच्या वर्गांत अधिक ठळक दिसतो, आणि बिघडलेल्या नात्याचा फटका लहान वर्गांत जास्त बसतो. आमच्या स्टाफरूममध्ये नेमका उलटा समज आहे. लहानांना जीव लावावा लागतो, मोठ्यांना फक्त पोर्शन पूर्ण करून द्यावा, असा.

पण मी गणिताची बाई असल्यामुळे इथे एक शंका काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चांगलं नातं आणि चांगले गुण एकत्र आढळले म्हणून नात्यामुळे गुण आले, हे कशावरून? ज्या मुलाला पटापट येतं त्याच्याशी आपलं आपोआपच जमतं. तो मान डोलावतो, आपल्यालाही बरं वाटतं. कारण आणि परिणाम यांची जागा सहज उलटी असू शकते.

म्हणून मला अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला एक प्रयोग जास्त बोलका वाटतो, जरी तो नात्यांसाठी केलेलाच नव्हता. रोलँड फ्रायर या अर्थतज्ज्ञांनी २०१३-१४ या शैक्षणिक वर्षापासून तिथल्या ५० प्राथमिक शाळांत तो केला. प्राथमिकला एकच शिक्षक जवळपास सगळे विषय शिकवतो. त्याऐवजी ज्याला जो विषय उत्तम शिकवता येतो त्याने तोच शिकवावा, अशी ती कल्पना. कारखान्यात कामाची वाटणी केल्यावर उत्पादन वाढतं, तसंच हे. कोणत्या शाळांत ही वाटणी करायची आणि कोणत्या शाळा आहेत तशा ठेवायच्या, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे कारण-परिणामाचा गोंधळ नको. कागदावर पाहिलं तर गुण वाढायलाच हवे होते. ते घसरले. विषयात सरस असलेला शिक्षक मुलांच्या वाट्याला आला, पण त्या शिक्षकाच्या वाट्याला आता जास्त मुलं आली आणि प्रत्येक मुलाबरोबरचा त्याचा वेळ कमी झाला. एकेकाकडे लक्ष देणं कमी झाल्याचं या शिक्षकांनीच सांगितलं. विषय त्यांना अधिक कळत होता, मूल कमी कळत होतं.

मी स्वतः एकच विषय शिकवते, त्यामुळे हा प्रयोग वाचून मला बरं वाटलं असं नाही. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात डस्टर घेऊन धावताना कोणाची दोनपैकी एक-तीनपैकी एक अशी भानगड चालू आहे हे लक्षात ठेवणं अवघड आहे. वरच्या वर्गांना विषयवार शिक्षक लागणारच. सातवीचं विज्ञान मी शिकवू नये, हे विज्ञानाच्या हिताचं आहे. पण मग ओळख व्हायला वेळ लागणार, हे वेळापत्रक बनवणाऱ्यांनी गृहीत धरावं. एकाच शिक्षकाला तेच मूल सलग दुसऱ्या वर्षी मिळालं तर गुणांत छोटीशी का होईना, वाढ दिसते, असं नॉर्थ कॅरोलायनातल्या मोठ्या माहितीवरून हिल आणि जोन्स या दोघा अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवलं. वाढ छोटीच आहे, पण तिला खर्च शून्य. आमच्याकडे वर्गवाटप करताना हा विचार कोणी मांडलाच, तर 'बदल हवा हो' असं म्हणून तो बाजूला पडतो.

आता वर्गातल्या बारीक गोष्टींकडे येते, कारण नातं जमतं किंवा बिघडतं ते तिथेच.

प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हे मोजलं. शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. एक. तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारतात, नाहीतर स्वतःच सांगून मोकळे होतात. हीच विश्रांती तीन सेकंदांवर नेली, की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. रो यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त बोचते. ज्या मुलांना शिक्षक कच्ची समजतात त्यांच्यासाठी ते आणखी कमी थांबतात. त्यात वाईट हेतू नसतो. पोरगं अवघडलंय, त्याची सुटका करावी, अशी दयाच असते बहुतेक वेळा. पण मुलाला त्या दयेचा अर्थ स्पष्ट कळतो: तुझ्याकडून काही यायचं नाहीये.

तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर गप्प उभं राहून बघा. पहिल्याच सेकंदाला पहिल्या बाकावरचा हात वर होऊन 'मी सांगू, मी सांगू' सुरू होतं, दुसऱ्या सेकंदाला कोणीतरी पुटपुटतं, आणि तिसरा सेकंद जाता जात नाही. मी मनातल्या मनात सावकाश आकडे म्हणते आणि तोवर हात खालीच ठेवायचे असा नियम आहे. नियम मोडणारा एक मुलगा आहे, त्याचा हात त्याच्याही ताब्यात नसतो, असं माझं मत झालंय.

दुसरी बारीक गोष्ट म्हणजे वहीतला शेरा. इथे 'प्रेम करा' वाल्यांशी माझं अजिबात पटत नाही, कारण त्यांच्या हिशोबात प्रेमळ शेरा म्हणजे गोड शेरा. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांचा २०१४ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांनी निबंध लिहिले, शिक्षकांनी ते नेहमीसारखे कडक तपासले, समासात सूचना लिहिल्या. मग प्रत्येक निबंधाला एक चिठ्ठी जोडली. काहींच्या चिठ्ठीत एवढंच होतं, की तुला तुझ्या लेखनावर अभिप्राय मिळावा म्हणून या सूचना दिल्या आहेत. बाकीच्यांच्या चिठ्ठीत होतं, की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि त्या तू पूर्ण करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना देतोय. कोणती चिठ्ठी कोणाला गेली हे शिक्षकांनाही माहीत नव्हतं. निबंध पुन्हा लिहून द्यायचा की नाही, हे मुलांवर सोडलं. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्क्यांनी तो पुन्हा लिहिला. दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी. गोऱ्या मुलांतही फरक पडला, पण एवढा नाही. शाळेवरचा ज्यांचा विश्वास आधीच उडालेला होता, त्यांच्यावर या एका वाक्याचा परिणाम सगळ्यात जास्त झाला.

सूचना तेवढ्याच कडक होत्या, हे विसरू नये. लाल शाई कमी केली नाही, गुण वाढवले नाहीत. ती लाल शाई कशासाठी आहे, एवढंच मुलांना सांगितलं. आपण मुलांना हे सांगत नाही, कारण ते उघड आहे असं आपल्याला वाटतं. ज्या मुलाला घरी-दारी 'तुझ्याच्याने होणार नाही' हेच ऐकू आलंय, त्याला लाल शाईत तेच वाक्य वाचता येतं. त्याला दुसरं वाक्य दाखवावं लागतं.

हे वाचून कोणी असं वाक्य छापून त्याचा शिक्काच बनवून घेईल, अशी मला भीती आहे. शिक्क्याने काही व्हायचं नाही. अपेक्षा आहेत असं लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी वही पुन्हा आणली की न बघता परत द्यायची, हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.

स्टाफरूमबद्दलही बोललं पाहिजे. वर्षाच्या सुरुवातीला वर्गाची यादी हातात पडते, आणि त्याच दिवशी कोणीतरी खांद्यावरून डोकावून म्हणतं, 'अरे वा, हा तुमच्याकडे आला का? भोगा आता.' रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो: शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं की ही लवकरच चमकणार, नावं खरं तर कशीही निवडलेली होती, आणि वर्षअखेर त्यातल्या काही मुलांनी, मुख्यतः पहिली-दुसरीतल्या, बुद्धिमत्तेच्या चाचणीत इतरांपेक्षा जास्त प्रगती दाखवली. त्या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. भाषणांत तो सांगितला जातो तेवढा ठाम तो नाही. पण त्याच्या पुढचा भाग कोणी सांगत नाही, आणि तोच खरा उपयोगाचा आहे. स्टीफन रॉडेनबुश यांनी १९८४ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. शिक्षकांच्या कानात अशी खोटी माहिती सांगण्याआधी त्यांची मुलांशी ओळख किती झालेली होती, यावर सगळं अवलंबून निघालं. ओळखच नसेल, तर ऐकीव माहिती काम करते. दोनेक आठवडे मुलांबरोबर घालवलेले असतील, तर ती जवळजवळ वाया जाते. शिक्षक तोवर स्वतःच्या डोळ्यांनी काही बघून चुकलेला असतो.

म्हणून पहिले दोन आठवडे मी स्टाफरूममध्ये माझ्या वर्गाविषयी काही ऐकत नाही. तसं तोंडावर सांगून पाहिलं, लोकांना राग आला. आता फक्त वह्यांचा गठ्ठा पुढे ओढते आणि तपासू लागते. मागच्या वर्षीचे गुणसुद्धा मी त्या काळात उघडत नाही. त्याऐवजी एक छोटा कागद देते, त्यात उत्तरापेक्षा कारण मागणारे प्रश्न असतात. ०.४५ आणि ०.७ यांतली मोठी संख्या कोणती, आणि शेजारच्या मित्राला कसं पटवून देशील? '४५ मोठे, कारण ७ पेक्षा ४५ जास्त' असं लिहिणारी मुलं बरीच असतात. पूर्ण संख्यांचा नियम त्यांनी पुढे ओढलेला असतो. 'जितके जास्त अंक तितकी संख्या छोटी' असं लिहिणारी थोडी असतात, ती ०.७ बरोबर निवडतात आणि कारण साफ चुकीचं देतात. फक्त उत्तर तपासलं तर ही दुसरी मुलं हुशारांत जमा होतात.

आतापर्यंत मी शिक्षक आणि मूल एवढंच बोलले, कारण आम्हाला आमच्याभोवतीच वर्ग फिरतो असं वाटतं. मुलांना विचारलं तर चित्र निराळं दिसेल. तासाला मी एकेका मुलाशी जेमतेम एखादं वाक्य बोलते. शेजारच्याशी ते मूल दिवसभर बोलतं. चुकीचं उत्तर आधी शेजाऱ्याला दाखवलं जातं, त्याने मान डोलावली तरच माझ्यापर्यंत येतं. तो शेजारी कोण आहे, यावर बरंच काही ठरतं. आणि तो शेजारी आम्ही उंचीवरून ठरवतो, नाहीतर कोण कमी बडबडेल यावरून.

जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात एक साधी पद्धत मांडली. मुलांना खासगीत विचारायचं, तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? आलेल्या उत्तरांवरून कागदावर बाण काढायचे. मी हे दर सत्रात करते, फक्त प्रश्न बदलून: अवघड गणित सोडवताना तुला कोण शेजारी हवं? चिठ्ठ्या घडी घालून घ्यायच्या, कोणाला दाखवायच्या नाहीत, बाण घरी काढायचे आणि तो कागद शाळेत आणायचाच नाही. खेळायला कोण हवं आणि गणिताला कोण हवं, ही दोन चित्रं वेगळी येतात. काही नावांकडे बाणांची गर्दी होते. बऱ्याचदा तो वर्गात पहिला येणारा नसतो, मधल्या गुणांचा, सावकाश बोलणारा, 'थांब, मलाही नीट कळलं नाहीये' म्हणणारा कोणीतरी असतो. मुलांना बरोब्बर कळतं, कोणासमोर चुकता येतं.

आणि काही नावांकडे एकही बाण जात नाही. एका वर्षी असा एक मुलगा होता, गणितात वर्गात सगळ्यात पुढे. तो कोणाला चिडवत नसे, पण दुसऱ्याची वही बघताना त्याच्या तोंडून 'अरे सोप्पं तर आहे' निघायचं. बस, एवढंच. त्याला बोलावून शिष्टाचाराचं प्रवचन देण्यात अर्थ नव्हता. मी त्याला एक काम दिलं: शेजाऱ्याने चुकीचं सोडवलेलं गणित घ्यायचं आणि ते उत्तर कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ठरेल, ते शोधून लिहायचं. २/५ चं तुम्ही पाहिलंतच. त्याला हे कोडं म्हणून आवडलं. 'सोप्पं तर आहे' ची जागा 'थांब, तू हे कसं काढलंस?' ने घेतली. पुढच्या सत्राच्या चिठ्ठ्यांत त्याच्याकडे भरपूर बाण वळले नाहीत. वळला तो एक, आणि तो चाचण्यांत नेहमी शेवटी राहणाऱ्या मुलीचा होता.

गटकार्यावर माझा आंधळा विश्वास नाही. चौघांना एकत्र बसवलं की एक जण सोडवतो, एक सुंदर अक्षरात उतरवतो, आणि दोघं खिडकीबाहेर बघतात. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात याच्यावर उपाय काढला. तेव्हा तिथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि वर्गांत मारामाऱ्या चालल्या होत्या. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचा तुकडा कळायचा तर त्याचंच ऐकावं लागायचं, दुसरा मार्ग नाही. जो मुलगा अडखळत बोलतो त्याला हसून गटाचंच नुकसान होतं, तेव्हा त्याला हसण्याऐवजी नीट प्रश्न विचारावे लागतात. मुलांनी एकमेकांशी चांगलं वागावं असा उपदेश या रचनेत कुठेच नाही, एकमेकांची गरज पडेल अशी सोय आहे. गणितात हे दर वेळी जमत नाही. पायऱ्या एकमेकींवर उभ्या असलेल्या प्रकरणाचे तुकडे होत नाहीत. सांख्यिकीला छान जमतं.

हे सगळं ऐकून माझी एक तरुण सहकारी म्हणाली, म्हणजे मुलांचं मित्रच व्हायला हवं. नको. मुलांना मित्र आहेत. त्यांना असा एक मोठा माणूस हवा असतो, जो आज जसा वागला तसाच उद्या वागेल. माझ्या शाळेच्या दिवसांतले एक सर आम्हाला खूप हसवत आणि मूड गेला की त्याच गोष्टीवरून पट्टी उगारत. त्यांच्या तासाला आम्ही सगळे हवामान बघूनच तोंड उघडत असू. त्यापेक्षा दुसऱ्या बाई बऱ्या होत्या, वर्षभरात एकदाही हसल्या नसतील, पण चुकलं तर रोज तेच म्हणायच्या: 'कुठपर्यंत बरोबर आहे ते आधी सांग.'

काही मुलांना जवळीक नकोच असते, आणि तेही मान्य करायला हवं. माझ्या वर्गातला एक मुलगा बोलतच नसे. बाकाजवळ गेले की आक्रसायचा, खुशाली विचारली की मान खाली. त्याच्याशी मी बोलणं वाढवलं नाही. अडलं तिथे समासात एक छोटं प्रश्नचिन्ह काढ, एवढं ठरवलं. वही आली की त्या प्रश्नचिन्हाखाली मी दोन ओळी लिहायची. वर्षभर आमचं सगळं बोलणं समासात झालं. ऋण गुणिले ऋण धन का, यावर त्याने एकामागोमाग प्रश्नचिन्हं काढली आणि मला पाठ्यपुस्तकातली कारणं सोडून तीन वेगळी कारणं शोधावी लागली. त्याला शेवटी पटलं ते आकृतिबंधाचं: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०, दर पायरीला दोन वाढताहेत, तर पुढे (−१) × (−२) किती व्हायला हवेत? तिथे त्याने प्रश्नचिन्हाऐवजी बरोबरची खूण केली. उलट मलाच तपासल्यासारखी.

वर्ष संपलं की ही सगळी ओळख कुठे जाते? पुढच्या शिक्षकाच्या हातात गुणपत्रक पडतं, आणि खांद्यावरून डोकावणारा तो माणूस. म्हणून मी वर्षअखेर माझ्या वर्गाची एक हस्तांतर-वही लिहून देते. मुलगा कसा आहे, हे त्यात लिहायचं नाही असा मी स्वतःलाच नियम घालून घेतलाय: आळशी, हुशार, चंचल, गुणी, असं एकही विशेषण नाही. त्याला काय येतं, कुठे अडतं आणि अडल्यावर कसं विचारलं तर तो दाखवतो, एवढंच. काही शिक्षक ती वही उघडत नाहीत. एका सरांनी पहिले दोन आठवडे होऊन गेल्यावर ती मागून नेली, तेव्हा मला फार बरं वाटलं. यंदाच्या वहीतल्या काही ओळी अशा आहेत:

'दशांश संख्यांची तुलना अंकांच्या लांबीवरून करते. मोठ्याने वाचायला सांगितलं की स्वतःच चूक पकडते. फळ्याजवळ बोलवू नका, जागेवरच विचारा.'

'समीकरणात बाजू बदलताना चिन्ह विसरतो. नियम पाठ आहे, कारण माहीत नाही. तराजूचं चित्र काढायला आवडतं.'

'उत्तर बरोबर आलं तरी कारण विचारा. अनेकदा बाकावरच्या मित्राचं असतं. मित्र चांगला आहे, दोघांना वेगळं करू नका.'

'बोलत नाही. समास बघा.'